कॉम्प्युटर सायन्सच्या एमएससाठी (मास्टर्ससाठी) स्पेशलायझेशनचं काउन्सेलिंग, दादर पश्चिम: सरांसाठी जा, रिपोर्टसाठी नको

पाचपैकी तीन तारे देतेय. त्यातले अडीच शनिवारी येणाऱ्या सरांचे आणि उरलेला अर्धा चहाचा. रिपोर्टला शून्य.

संस्थेचं नाव लिहीत नाही. सर अजून तिथेच बसतात आणि माझ्यामुळे मालकाने त्यांना केबिनमध्ये बोलवावं अशी माझी इच्छा नाही. स्टेशनवरून चालत जाता येतं, जुनी इमारत, दुसरा मजला. जिन्यात परदेशी विद्यापीठांचे झेंडे लावलेत आणि आत एसी इतका की ऐन मे महिन्यात ओढणी अंगभर घेऊन बसावं लागतं.

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे हा रिव्ह्यू तुमच्या कामाचा आहे की नाही ते कळेल. मी ऐरोलीला एका आयटी कंपनीत जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत काम करते. बँकांच्या पेमेंटचं रिकन्सिलिएशन, म्हणजे इकडच्या आणि तिकडच्या नोंदी जुळल्या नाहीत की पैसे कुठे अडकले ते शोधायचं. डोंबिवलीहून ठाणे, ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकल, रोजचं. कॉम्प्युटर सायन्समध्ये मास्टर्स करायचं हे पक्कं होतं. कशात, ते ठरत नव्हतं. मशीन लर्निंग (डेटावरून शिकणारे प्रोग्रॅम), सिस्टिम्स (ऑपरेटिंग सिस्टिम, सर्व्हर, नेटवर्क आतून कशी चालतात ते), सिक्युरिटी, ह्यूमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शन (सॉफ्टवेअर माणसाला वापरायला सोपं कसं होईल ते), नावं वाचून वाचून पाठ झाली होती. आई म्हणाली, "ज्याला मागणी आहे ते घे." दादाने तर निकालच दिला की एआय सोडून दुसरं काही घेतलंस तर तू वेडी आहेस. दादा विमा विकतो.

तर पॅकेज. १८,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, एकूण २१,२४०. त्यात अभिरुची चाचणी, तिचा छापील रिपोर्ट, सरांबरोबर दोन बैठका, एका माजी विद्यार्थ्याशी व्हिडिओ कॉल आणि 'प्रोफाइल मूल्यांकन'. मला फक्त सरांशी बोलायचंय, तेवढेच पैसे घ्या, असं मी काउंटरवर विचारून पाहिलं. सुटं मिळत नाही. थाळीच घ्यावी लागते, पापड नको म्हटलं तरी बिल तेवढंच.

चाचणी तिथल्याच संगणकावर द्यायची. अनोळखी माणसांशी बोलायला आवडतं का, पुढची आकृती कोणती, रविवारी घरी बसून वाचाल की ट्रेकला जाल. यावरून माझा कल वितरित प्रणालींकडे (अनेक संगणकांनी मिळून एक काम करणं) आहे की कॉम्प्युटर व्हिजनकडे (संगणकाने चित्रं ओळखणं), हे कसं काढतात ते मी तिथल्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, सायंटिफिक आहे." एका प्रश्नातही ओळभर कोड नाही, एकही गणित नाही.

रिपोर्ट आला ३८ पानांचा, गुळगुळीत कागदावर, रंगीत. पहिली तीस पानं माझ्या स्वभावाबद्दल, जो मला साधारण माहीत होता. मुद्द्याचं पान एकतिसावं: एआय आणि एमएल (मशीन लर्निंग) ९४ टक्के अनुरूप, डेटा सायन्स ९२, सायबर सिक्युरिटी ९१, सिस्टिम्स ८८. एवढ्याशा फरकावर माणसाने दोन-तीन वर्षं आणि एवढे पैसे लावायचे! बाहेर बाकावर रुईया कॉलेजातून स्टॅटिस्टिक्स केलेला एक मुलगा बसला होता, त्याच्याशी गप्पा झाल्या. त्याच्याही रिपोर्टात पहिल्या क्रमांकावर एआय, ९५ टक्के. तो आणि मी अगदी दोन टोकांची माणसं आहोत, हे पाच मिनिटं बोललात तरी कळेल.

शेवटच्या पानांवर 'तुमच्यासाठी योग्य विद्यापीठं' अशी यादी आणि खाली बारीक अक्षरात 'आमचे भागीदार'. परदेशातली बरीच विद्यापीठं एजंटांना विद्यार्थ्यामागे कमिशन देतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण मग ते पैसे घेतानाच सांगा की. शिवाय त्या यादीत 'एमएस इन डेटा सायन्स' आणि 'एमएस इन कॉम्प्युटर सायन्स, मशीन लर्निंग ट्रॅक' हे दोन्ही एकाच रकान्यात टाकलेले होते. पहिली वेगळी पदवी आहे, तिचा प्रवेश वेगळा, एकदा घेतली की त्यातच. दुसरा म्हणजे एका पदवीच्या आत कोर्स निवडायचा नियम. स्पेशलायझेशन निवडायला आलेल्या माणसाला नेमका हाच फरक सांगायला हवा, आणि २१ हजारांचा रिपोर्ट तो सांगत नाही.

आता सर. मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झालेले, आयुष्यभर ऑपरेटिंग सिस्टिम आणि कंपायलर (कोडचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करणारा प्रोग्रॅम) शिकवलेले. मी रिपोर्ट पुढे सरकवला. त्यांनी तो उघडला नाही, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या पानावर पेन टेकवलं.

"स्पेशलायझेशन म्हणजे काय? सांगा बघू."

"ज्यात आपण एक्स्पर्ट होतो ते."

"छे. पाच-सहा कोर्स. कुठली शाळा बघताय?"

नोकरी न सोडता करण्यासारखं म्हणून मी अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाचं ऑनलाइन मास्टर्स बघत होते. हा कार्यक्रम जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाला. दहा कोर्स, ३० क्रेडिट, पूर्ण पदवीचा खर्च साधारण ७,००० डॉलर. सरांनी त्यांची वेबसाइट उघडली, पण जाहिरातीच्या पानावर थांबले नाहीत, थेट नियमांच्या पानावर गेले आणि कोऱ्या पानावर दोन रकाने आखले. मशीन लर्निंगच्या खाली लिहिलं: ग्रॅज्युएट अल्गोरिदम (प्रश्न सोडवायच्या पायऱ्या रचण्याचा कोर्स), मशीन लर्निंग आणि दिलेल्या यादीतून तीन. कॉम्प्युटिंग सिस्टिम्सच्या खाली: ग्रॅज्युएट अल्गोरिदम, मुख्य यादीतून दोन, आणखी तीन. म्हणजे एकीकडे पाच, दुसरीकडे सहा. दहातले उरलेले चार-पाच कोर्स आपल्या मर्जीचे.

"दोन्हीकडे समान काय दिसतंय?"

"अल्गोरिदम."

"मग आजच ठरवायची घाई कुणाला आहे? मला तर नाही."

तिथे प्रवेश घेतानाच स्पेशलायझेशन कायमचं बांधून घ्यावं लागत नाही, पुढे बदलता येतं. पहिल्या बारा महिन्यांत पायाभूत यादीतले दोन कोर्स किमान 'बी' श्रेणीत पार करायचे, ही अट मात्र पक्की. पदवीच्या कागदावर 'मास्टर ऑफ सायन्स इन कॉम्प्युटर सायन्स' एवढंच छापून येतं. घरी या विषयावरून दिवाळीपासून वाद चालला होता आणि तो ज्या नावावरून चालला होता ते नाव पदवीवर येतच नाही! (सगळीकडे असंच असतं असं नाही. कोलंबिया विद्यापीठात ३० पॉइंटांच्या एमएसमध्ये ट्रॅक असतात, स्टॅनफर्डला ४५ युनिटं असतात आणि त्यांचे नियम वेगळे. सरांचं म्हणणं एवढंच, की प्रत्येक ठिकाणचं नियमांचं पान स्वतः वाचा.) एक गंमतही त्यांनी दाखवली. जॉर्जिया टेकमध्ये आर्टिफिशियल इंटेलिजन्सचं स्पेशलायझेशन घेतलं, तर अल्गोरिदमच्या जागी सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट प्रोसेसचा कोर्स चालतो. सिस्टिम्स घेतलं तर अल्गोरिदममधून सुटका नाही. नाव ऐकून अवघड कुठलं वाटतं आणि नियम काय म्हणतात, बघा.

यानंतरचा तास मात्र पैसे वसूल करणारा होता. सरांनी विचारलं, "या कोर्सांच्या असाइनमेंट काय असतात ते पाहिलंयस का?" इथवर ते मला अहो-जाहो करत होते, इथून अगं-तुगंवर आले. मी नुसती कोर्सांची नावं पाहिली होती. नावं सगळी भारदस्तच असतात. मग आम्ही एकेक उघडत गेलो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्राथमिक कोर्सात सी भाषेत मल्टिथ्रेडेड (एका वेळी अनेक विनंत्या हाताळणारा) फाइल सर्व्हर लिहायचा, मग शेअर्ड मेमरी वापरणारा प्रॉक्सी, म्हणजे मधला मध्यस्थ सर्व्हर, शेवटी जीआरपीसीवर (संगणकांनी एकमेकांना काम सांगायची पद्धत) वितरित फाइल सिस्टिम. मशीन लर्निंगच्या कोर्सात कोड त्यामानाने कमी. आपण डेटासेट निवडायचे, प्रयोग करायचे आणि लांबलचक अहवाल लिहायचे, आलेख इथे का वळला, तिथे का सपाट झाला ते समजावून सांगत. ग्रॅज्युएट अल्गोरिदममध्ये डायनॅमिक प्रोग्रॅमिंग (मोठा प्रश्न लहान तुकड्यांतून सोडवणं), ग्राफ, एनपी-कम्प्लीट (झटपट उत्तर कुणालाच न सापडलेले प्रश्न), आणि परीक्षेत आपली पद्धत बरोबर का आहे ते पटवून द्यायचं. ह्यूमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शनमध्ये लेखन, लोकांच्या मुलाखती, प्रोटोटाइप म्हणजे कच्चे नमुने.

"रात्री साडेदहाला, जेवणखाण आटपल्यावर, यातलं काय उघडशील?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. पण डोक्यात ऑफिसातला एक किस्सा आला आणि मी तो सांगितला. बँकेकडून उत्तर यायला उशीर झाला, आमच्या प्रणालीने विनंती पुन्हा पाठवली, आणि एकच पेमेंट दोनदा पडलं. खरं तर प्रत्येक विनंतीला एक ठरलेली खूण असते, तीच खूण पुन्हा आली तर दुसऱ्यांदा पैसे हलवायचे नाहीत, असा साधा नियम. पण खूण नोंदवणं आणि पैसे हलवणं यांच्या मधल्या फटीत सर्व्हर बंद पडला होता. त्या आठवड्यात मी लोकलमध्ये उभ्याने लॉग (सर्व्हरने लिहून ठेवलेल्या नोंदी) वाचत होते, ठाणं आलेलंही कळत नव्हतं. त्याच वर्षी मॅनेजरने मला फसवणूक ओळखणाऱ्या मॉडेलच्या टीममध्येही घातलं होतं. तिथे मी काम केलं, पण घरी जाताना ते डोक्यात कधी आलं नाही.

सर म्हणाले, "मग मला कशाला विचारतेस?"

तरी मी दादाचा प्रश्न विचारलाच. मागणी एआयला आहे, सिस्टिम्स घेऊन मी मागे पडणार नाही का? यावर सर खुलले. चॅटजीपीटीसारखी मोठी भाषा मॉडेलं चालवताना प्रत्येक संभाषणाची तात्पुरती आठवण ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत ठेवावी लागते. ती किती लांबेल हे आधी कळत नाही, त्यामुळे जागा अडवून ठेवली जाते आणि वाया जाते. २०२३ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी यावर पेज्ड अटेन्शन नावाचा उपाय काढला, व्हीएलएलएम हे सॉफ्टवेअर त्यावर उभं आहे. मेमरीचे लहान ठरावीक तुकडे पाडायचे, लागेल तसे द्यायचे आणि कुठला तुकडा कुठे आहे त्याची वही ठेवायची. "हे पेजिंग आहे," सर टेबलावर बोट आपटत म्हणाले. "१९६२ च्या मँचेस्टरच्या अ‍ॅटलस मशीनवरचं. मी वर्षानुवर्षं शिकवलं आणि पोरं म्हणायची, सर, याचा उपयोग काय?" २०१२ मध्ये चित्रं ओळखण्याची स्पर्धा ज्या अ‍ॅलेक्सनेट या मॉडेलने जिंकली, तेही दोन गेमिंग कार्डांवर शिकवलं होतं. कार्डांकडून ते काम करून घेणारा कोड कुणाला तरी लिहावा लागलाच ना.

मुंबईपुरतं बोलायचं तर त्यांनी बीकेसीकडे (वांद्रे-कुर्ला संकुलाकडे) बोट दाखवलं. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयचं मुख्यालय तिथे आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयवर ऑगस्ट २०२३ मध्ये पहिल्यांदा एका महिन्यात १,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. शेजारी राष्ट्रीय शेअर बाजार, तिथे सगळी लढाई मायक्रोसेकंदांची. आणि ऐरोली-महापेच्या पट्ट्यात डेटा सेंटरं उभी राहताहेत, ती मला रोज ट्रेनमधून दिसतातच. सिस्टिम्सच्या माणसाला या शहरात काम कमी पडेल असं वाटत नाही.

सर सगळ्यांना सिस्टिम्सच्याच गाडीत बसवतात असं मात्र समजू नका. रुईयाच्या त्या मुलाला त्यांनी सरळ मशीन लर्निंग घ्यायला सांगितलं. त्याला गेट, म्हणजे एमटेकची प्रवेश परीक्षा, द्यायची होती. गेटमध्ये २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपर सुरू झालाय. सरांनी त्याच्यापुढे दोन्ही पेपरांचे अभ्यासक्रम ठेवले. एकात संभाव्यता, लिनिअर अल्जेब्रा, कॅल्क्युलस, मशीन लर्निंग, तर दुसऱ्यात कंपायलर, ऑपरेटिंग सिस्टिम, संगणक रचना, नेटवर्क. कुठला आधी हातात घ्यावासा वाटतो ते बघ म्हणाले. ही चाचणी फुकट आहे, दोन्ही अभ्यासक्रम गेटच्या वेबसाइटवर असतात आणि जुने पेपरही मिळतात. त्याला त्यांनी आयआयटी मुंबईच्या एमटेकमधला फरकही सांगितला: टीचिंग असिस्टंट म्हणून गेलास तर दोन वर्षं, रिसर्च असिस्टंट म्हणून तीन. स्कोअर तीन वर्षं चालतो, तेव्हा एकदम घाबरू नकोस.

सरांचंही सगळं पटलं असं नाही. ह्यूमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शनचं नाव काढताच त्यांनी हात झटकला, "ते डिझाइनवाल्यांचं." हे मला पटत नाही. आमच्या सॉफ्टवेअरवर दिवसभर बसणारे बँकेतले क्लार्क एकाच पडद्यावर सोळा रकाने बघतात आणि चुकीचं बटण दाबतात, त्यातून होणारा घोळ निस्तरायला पुन्हा माझ्यासारखीच लागते. पवईला आयआयटीतच १९६९ पासून डिझाइनचं केंद्र आहे, तिथे इंटरॅक्शन डिझाइन शिकवतात. विषय हलका नाही, सरांचा नाही इतकंच. सिक्युरिटीलाही त्यांनी जेमतेम पाच मिनिटं दिली. तुम्ही त्यासाठी जाणार असाल तर अपेक्षा बेताची ठेवा.

व्हिडिओ कॉलवरचा माजी विद्यार्थी घाईत होता, पण एक गोष्ट कामाची बोलला. कॅटलॉगमध्ये छापलेले सगळे कोर्स दर सत्रात चालतातच असं नाही, म्हणून मागच्या दोन-तीन सत्रांचं वेळापत्रक काढा आणि आपल्याला हवे ते कोर्स खरंच चालले होते का ते बघा.

'प्रोफाइल मूल्यांकन' करणाऱ्या गृहस्थांविषयी मात्र सावध राहा. एआयचा ट्रॅक घेतला तर अमेरिकेत जास्त दिवस काम करता येतं, असं त्यांनी मला ठासून सांगितलं. तसं नाही. शिक्षणानंतरची कामाची परवानगी १२ महिन्यांची, आणि पदवी स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) गटातली असेल तर वर २४ महिने. ते पदवीच्या वर्गीकरणावर ठरतं, आतल्या ट्रॅकवर नाही. शिवाय भारतात बसून ऑनलाइन पदवी घेणाऱ्या माणसाला हे कशाला सांगायचं? मी तसं म्हटल्यावर त्यांनी भागीदार विद्यापीठांचं माहितीपत्रक पुढे केलं. पुढचे काही दिवस संध्याकाळी फोनही येत राहिले, "मॅडम, सीट भरत आल्यात." नंबर ब्लॉक केला.

ऑनलाइनवाल्यांसाठी एक माहिती तिथे कुणीच दिली नाही, ती मी देते. जॉर्जिया टेकच्या बऱ्याच कोर्सांत असाइनमेंटची मुदत रविवारी रात्री ११.५९ ला संपते, पण ती पृथ्वीवर सगळ्यात शेवटी जिथे रविवार संपतो तिथली वेळ. आपल्याकडे तेव्हा सोमवारचे संध्याकाळचे ५.२९ झालेले असतात. म्हणजे शनिवार-रविवार पूर्ण हातात आणि सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत शेवटचा हात फिरवता येतो. प्रत्येक कोर्सचं वेळापत्रक मात्र आधी तपासा.

मी सिस्टिम्स धरून अर्ज केलाय, सुरुवात ऑपरेटिंग सिस्टिमपासून, आणि मोकळ्या चार कोर्सांपैकी एक मशीन लर्निंगचा, म्हणजे दादाही खूश.

जाणार असाल तर: सर फक्त शनिवारी सकाळी १० ते १ असतात, तीच वेळ मागून घ्या, नाहीतर 'सीनियर काउन्सेलर' म्हणून कुणालाही पुढे बसवतात. बघत असलेल्या विद्यापीठाच्या नियमांची आणि कोर्सांची पानं छापून न्या, तिथलं वायफाय मध्येच झोपतं. चाचणीत दोन तास घालवू नका, पटापट काहीही दाबा, निकाल एआयच येणार. चहा आल्याचा, छान असतो. लिफ्ट बंद आहे. जीएसटीची पावती मागितल्याशिवाय देत नाहीत, तेव्हा काउंटरवरच मागा.